चातुर्मासाचा नेम: ठरवण्यापासून सोडण्यापर्यंत

आषाढी जवळ आली की घराघरांत विचारणा सुरू होते, "यंदा काय सोडणार?" कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी वांगं, कुणी चहा, कुणी रात्रीचं जेवण. देवाधर्माचं फारसं न करणारी मंडळीही हल्ली चार महिने साखर सोडतात, नाहीतर मोबाइलवरून जेवण मागवणं बंद करतात. नेम देवासाठी असो की स्वतःसाठी, पाळायची रीत सारखीच.

उत्साहात घेतलेले बरेच नेम गणपतीच्या धामधुमीत ढेपाळतात. मन कच्चं असतं म्हणून नव्हे. नेमात नक्की काय येतं, काय येत नाही आणि तो कधी संपतो, हे कुणी ठरवलेलंच नसतं. जे नेम शेवटपर्यंत टिकतात, त्यातले कितीतरी घरातल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी कष्टांवर टिकतात. 'ह्यांचा कडक नेम आहे हो' असं कौतुकाने सांगणारी बाई त्या नेमापायी रोज दोन भाज्या करत असते. माझ्या मते नेमाची खरी परीक्षा तिथे आहे: नेम माझा असेल तर त्याचं काम दुसऱ्याच्या माथी जाता कामा नये. पुढे जे लिहिलं आहे ते याच हिशेबाने.

आधी कालावधी ठरवा

चातुर्मास आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत, म्हणजे साधारण ११८-११९ दिवसांचा. मध्ये अधिक महिना आला की तो पाच महिन्यांचा होतो. २०२३ साली श्रावण अधिक होता. त्या वर्षी २९ जूनची आषाढी आणि २३ नोव्हेंबरची कार्तिकी, म्हणजे जवळजवळ १४७ दिवस. 'चारच महिने तर आहेत' म्हणून चहा सोडलेल्यांची त्या वर्षी चांगलीच फजिती झाली. तेव्हा आधी पंचांग किंवा भिंतीवरचं कॅलेंडर उघडून सुरुवातीची आणि शेवटची तारीख लिहून काढा. एकादशी स्मार्त धरायची की भागवत (वारकरी-वैष्णवांची, कधीकधी एक दिवस पुढे येणारी), तेही तेव्हाच ठरवा. २०२५ ची कार्तिकी स्मार्तांची १ नोव्हेंबरला होती, पंढरपूरची २ ला. शेवटच्या दिवशी 'आज सुटतं की उद्या' असा घोळ नको.

पहिल्यांदाच नेम घेत असाल तर चातुर्मासाच्या मागे लागू नका. श्रावणाचा एक महिना पुरे. नवरात्राचे नऊ दिवस, मार्गशीर्षातले गुरुवार हेही चांगले सराव आहेत. उत्तरेत राहणाऱ्या मराठी माणसांनी एक लक्षात ठेवावं: तिकडचे महिने पौर्णिमेला संपतात, त्यामुळे तिकडचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो आणि तेवढाच आधी संपतो. २०२५ साली त्यांचा श्रावण ११ जुलै ते ९ ऑगस्ट होता, आपला २५ जुलै ते २३ ऑगस्ट. दिल्लीच्या ऑफिसात सगळ्यांचं सामिष सुरू झालेलं असताना तुमचा निम्मा महिना बाकी असतो. हे आधी माहीत असलेलं बरं.

पावसाळ्यातले हे महिने इतरांकडेही असेच असतात. बौद्ध घरांत आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने वर्षावास चालतो. जैन साधू-साध्वी चार महिने एका जागी राहतात आणि श्रावक, म्हणजे गृहस्थ जैन, एकासणं (दिवसातून एकदाच बसून जेवण), आयंबील (दूध-तूप-तेल-मसाल्याविना एकदाच जेवण), चौविहार (सूर्यास्तानंतर अन्नपाणी बंद) असे नेम धरतात. वसईतल्या ख्रिस्ती घरांत उपवासकाळ भस्म बुधवारी सुरू होऊन ईस्टरला संपतो. कॅलेंडरवर तो ४६ दिवसांचा दिसतो, पण त्यातले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून चाळीस. आठवड्यातला एक दिवस सैल ठेवायची ही पद्धत निधर्मी नेमालाही उचलण्यासारखी आहे, फक्त सैल दिवस कोणता ते आधी ठरलेलं हवं.

'२१ दिवसांत सवय लागते' असं जिकडेतिकडे वाचायला मिळतं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. तेव्हा तीन आठवड्यांनीही चहाची आठवण येत असेल तर तुमच्यात काही उणं आहे असं समजू नका.

काय सोडायचं

जी गोष्ट रोज समोर येते आणि रोज हवीशी वाटते, ती निवडा. मुळात कारलं आवडत नसताना कारलं सोडणारे प्रत्येक घरात एक-दोन असतातच, त्यांचा विषय वेगळा. एकच गोष्ट निवडा. कांदा, चहा, साखर आणि टीव्ही एकदम सोडणाऱ्याला कोणत्या गोष्टीने चिडचिड होते आहे हेही कळत नाही.

जुन्या रीतीत महिन्याला एक वस्तू वर्ज्य आहे: श्रावणात भाजी (बहुतेक घरांत पालेभाजी), भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात द्विदल म्हणजे डाळी-कडधान्यं. नवख्याला हा प्रकार सोयीचा वाटतो, कारण कुठलीच वस्तू महिन्याहून जास्त सुटत नाही. पण यातली मेख अशी की हे महिने पहिल्या तारखेपासून मोजत नाहीत. शुद्ध द्वादशीला एक व्रत संपून दुसरं लागतं. दुधाचं व्रत आश्विन शुद्ध एकादशीला संपतं, म्हणून कोजागरीचं मसाला दूध पिता येतं. उलट दह्याचं व्रत श्रावण शुद्ध द्वादशीलाच लागलेलं असतं, त्यामुळे गोपाळकाल्याचं दही नेमात अडकतं. सगळ्यात अवघड द्विदल. त्यात अख्खी दिवाळी येते, आणि बेसनाचा लाडू, शेव, भाजणीची चकली हे सगळं डाळीचंच. करंजी, शंकरपाळी आणि चिवड्यातले पोहे एवढंच उरतं, तेही डाळं निवडून काढल्यावर. हे जमणार असेल तरच द्विदल घ्या.

वस्तू न सोडता जेवायची पद्धत बदलणारे नेमही आहेत. एकभुक्त म्हणजे दिवसातून एकदाच जेवण, नक्त म्हणजे दिवसभर उपवास करून रात्री जेवण, एकवाढी म्हणजे ताटात एकदा वाढलं तेवढंच, मागून घ्यायचं नाही. शिवाय मौनभोजन, केळीच्या पानावर जेवण, आणि सगळ्यात कडक धारणे-पारणे: एक दिवस उपवास, एक दिवस जेवण. धारणे-पारणे पहिल्या वर्षी कुणी करू नये.

मला यातली एकवाढी सगळ्यात शहाणपणाची वाटते. घरात जे शिजलं तेच खायचं, कुणाला वेगळं काही करावं लागत नाही, पाहुण्यांकडे गेल्यावर कुणाला सांगावंही लागत नाही. आणि करून बघितल्याशिवाय कळत नाही किती कठीण आहे ते. पहिल्याच आठवड्यात ताट आधी डोंगराएवढं भरलं जातं, मग ते संपत नाही, मग टाकायचं नाही म्हणून पोट दुखेपर्यंत खाल्लं जातं. भुकेचा अंदाज यायला दहा-पंधरा दिवस जातात. मौनभोजनही तसंच बिनखर्चाचं, मात्र मौन धरून हातातला फोन चाळत बसलं तर ते नुसतं न बोलणं झालं.

अनवाणी राहण्याचा नेम पावसाळ्यात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, विशेषतः मुंबई-ठाण्यात. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि पायाच्या बारीक जखमेतून लेप्टोस्पायरोसिस होतो. मधुमेह असेल तर पायाची जखम कळतही नाही आणि भरतही नाही. हौस असेल तर नवरात्रात, तेही कोरड्या जागी.

मग घरात बोला

नेम मनात धरण्यापूर्वी स्वयंपाक करणाऱ्याशी बोला. ते माणूस तुम्हीच असाल तर गोष्ट वेगळी. नाहीतर आई, बायको, सासूबाई, स्वयंपाकाच्या मावशी, जे कुणी असेल त्यांना विचारा, 'मी कांदा-लसूण सोडतोय' अशी घोषणा करू नका. एका घरात सासऱ्यांचं एकभुक्त, मुलाचा कांदा बंद, सुनेचा सोमवार आणि नातवाला तरीही अंडं हवं, असा प्रकार श्रावणात सर्रास असतो, आणि ओट्यापाशी उभं राहणारं माणूस एकच. मावशींना वेळ वाढवून द्यावा लागणार असेल तर पैसेही वाढवून द्या.

यावर दोन उपाय चालतात. पहिला, नेमामुळे जे काम वाढतं ते नेमवाल्याने करायचं: आपली फोडणी आपण घालायची, साबुदाणा आपण भिजवायचा, भांडी आपण विसळायची. दुसरा उपाय ओट्यावरचा. भाजी किंवा आमटी सगळ्यांसाठी बिनकांद्याचीच करायची, आणि कांदा-लसूण वेगळ्या कढल्यात लालसर परतून वाटीत ठेवायचा. ज्याला हवा त्याने ताटात वरून घालून घ्यावा. दोन भाज्यांचं काम एका वाटीवर येतं.

मुलांना नेमात ओढू नका. शाळेच्या डब्यात त्यांचं त्यांना मिळू द्या.

डॉक्टरांना कधी विचारायचं

वांगं किंवा कांदा सोडायला कुणाला विचारायची गरज नाही. जेवणाची वेळ, पाणी किंवा मीठ यांना हात लावणार असाल आणि रोजची औषधं चालू असतील, तर मात्र आधी विचारा. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेऊन एकभुक्त केलं तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम सुटणं, हात थरथरणं, गोंधळल्यासारखं होणं ही तिची लक्षणं. साखर ७० च्या खाली दिसली की उपवास तिथेच सोडून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असताना अलोणं खाणं, म्हणजे मीठ पूर्ण सोडणं, वयस्कर माणसांना महागात पडू शकतं. आणि उपवासाचं सैंधव हेही मीठच आहे. रक्तदाबाला ते वेगळं कळत नाही.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी जेवणाच्या वेळेचे नेम सोडून द्यावेत. ज्यांना कधीकाळी खाण्याचा आजार झाला होता, म्हणजे उपाशी राहणं किंवा खाऊन उलट्या काढणं, त्यांनीही. त्यांनी एकवाढीसुद्धा घेऊ नये, पुस्तक वाचायचा नेम घ्यावा.

दारूबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. श्रावण पाळणारे बहुतेक लोक अधूनमधून घेणारे असतात, त्यांना महिनाभर बंद केल्याने काही होत नाही. पण ज्याला रोज आणि भरपूर लागते, सकाळी उठल्यावर ज्याचे हात कापतात, त्याने गटारीच्या, म्हणजे श्रावणाआधीच्या अमावस्येच्या, रात्री शेवटची घेऊन दुसऱ्या दिवशी एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. अशांनी सोडायलाच हवी, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतं आहे, आणि सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागातही उपचार मिळतात.

(जाता जाता, त्या अमावस्येला घरातले दिवे घासूनपुसून पुजतात. ती दीप अमावस्या. गटारी हे नाव मागून चिकटलं.)

नेम एका वाक्यात लिहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर पस्तावतात. 'साखर सोडली' हे वाक्य अपुरं आहे. गूळ चालेल? मध? पिकलेला आंबा? केचप, बिस्किटं, बाजारचं श्रीखंड? उकडीच्या मोदकातलं सारण गुळाचं असतं, मग गणपतीत काय? असं लिहा: 'आषाढीपासून कार्तिकीपर्यंत साखर, गूळ, मध घातलेलं काही खाणार नाही. फळं चालतील. प्रसाद हातावर मिळेल तेवढा, एकदाच.' आता वाद उरला नाही.

'गणपतीपर्यंत मांसाहार बंद' हेही असंच फसवं. गणपती येईपर्यंत की जाईपर्यंत? दीड दिवसाचा की अनंत चतुर्दशीचा? कोकणात काही घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मटणाचा किंवा माशांचा नैवेद्य असतो. त्या घरात नेम गौरीपूजनालाच सुटतो आणि पुण्याच्या चुलतभावाकडे अनंत चतुर्दशीनंतर. दोघांचंही बरोबर, फक्त आपलं कोणतं ते आधी ठरवा.

न खाण्याच्या नेमांचं लिहायला सोपं असतं. फोनचे, खरेदीचे नेम जास्त निसरडे. 'फोन कमी वापरीन' याला काही अर्थ नाही. 'रात्री नऊनंतर फोन हॉलमध्ये चार्जिंगला, गजराला वेगळं घड्याळ' हे पाळता येतं. 'ऑनलाइन खरेदी बंद' याऐवजी 'किराणा, औषधं आणि मुलांच्या शाळेचं सामान सोडून काही मागवणार नाही' असं लिहा. सूट तीन गोष्टींना मिळाली, चौथीला नाही.

वाक्य लिहून झालं की ते फ्रिजवर लावा किंवा देव्हाऱ्याशी ठेवा. संकल्प सोडायचा असेल तर आषाढी एकादशीला सकाळी स्नानानंतर हातात पाणी-अक्षता घेऊन तेच वाक्य मोठ्याने म्हणायचं आणि पाणी ताम्हनात सोडायचं. मराठीत म्हटलेलं चालतं. सगळ्या ग्रुपवर जाहीर करायची काही गरज नाही. ज्यांच्याबरोबर रोज जेवता त्यांना माहीत असलं की झालं.

आधीचे आठ-दहा दिवस

आषाढ शुद्ध नवमी ही कांदेनवमी. त्या दिवशी कांदाभजी, कांद्याची थालीपीठं, झुणका असं मनसोक्त खाऊन घरातला कांदा संपवायचा. प्रथा मजेची आहेच, शिवाय त्यात व्यवहार आहे: घरात पाच किलो कांदा पडलेला असताना कांदा सोडणं म्हणजे स्वतःलाच छळणं.

चहा-कॉफी सोडणाऱ्यांनी कांदेनवमीसारखं करू नये, उलट करावं. रोज तीन-चार कप घेणाऱ्याने एका दिवसात बंद केलं तर बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं, दुसऱ्या दिवशी ते सर्वांत जास्त असतं आणि कधीकधी आठवडाभर रेंगाळतं. लोक हे उपवासाच्या खात्यावर टाकतात, असतो तो कॅफिनचा तगादा. आठ-दहा दिवस आधीपासून दर दोन दिवसांनी अर्धा-पाऊण कप कमी करत आणा. एकादशीला फक्त सकाळचा अर्धा कप सोडायचा राहील. चहाच्या वेळेला हातात काहीतरी गरम लागतंच, तर गवती चहा-आल्याचा काढा किंवा धणे-जिऱ्याचं पाणी ठेवा.

कांदा-लसणाविना चार महिने

सर्वांत जास्त घेतला जाणारा नेम हाच, म्हणून जरा तपशिलात. कांदा जेवणात तीन कामं करतो: रस्सा दाट करतो, गोडसर चव देतो आणि कोरड्या भाजीला ओल देतो. लसूण वास आणि झणका देतो. कोणत्या पदार्थात कांदा कुठलं काम करत होता ते ओळखलं की पर्याय सुचतो. ते न ओळखता नुसता कांदा वगळला की भाजी पाणचट होते, आणि चौथ्या दिवशी घरचे तोंड वाकडं करतात.

आमटीला काही अडत नाही. तेलात मोहरी तडतडली की जिरं, मग हिंग. हिंग नेहमीपेक्षा थोडा जास्त, पण तेल धुराळण्याआधी, नाहीतर कडू होतो. त्यावर कढीपत्ता, हळद, तिखट, शिजलेली डाळ, चिंच-गूळ आणि गोडा मसाला. गोड्या मसाल्यात मुळात कांदा-लसूण नसतो, म्हणून चातुर्मासात त्याचं राज्य.

उसळ आणि रस्साभाजीला दाटपणा हवा. सुकं खोबरं खरपूस भाजायचं, त्यात चमचाभर तीळ आणि धणे, थोडं आलं, आणि बारीक वाटायचं. दाण्याचं कूट घातलं तरी रस्सा मिळून येतो, मात्र तेल सुटेपर्यंत परतलं नाही तर कच्चट लागतं. पनीरच्या भाजीला टोमॅटो, भिजवलेले काजू आणि मगजबी. टोमॅटोचा आंबटपणा मोडायला किसलेला दुधी तेलात नीट परतून घाला, कुणाला पत्ता लागत नाही. पोह्यात बटाटा आणि मटार, थालीपिठात किसलेली काकडी किंवा दुधी आणि भरपूर कोथिंबीर. पावभाजीत जैन पद्धतीचं कच्चं केळं.

आता लपलेला कांदा. कोल्हापूर-सांगलीकडच्या घरांत रोजच्या तिखटाऐवजी कांदा-लसूण मसालाच वापरतात. तो डबा बाजूला ठेवून साधं तिखट आणि गरम मसाला वेगळा काढा. शेव-फरसाण, इन्स्टंट नूडल्सचा मसाला, सूपची पाकिटं, चिप्स यांत कांदा आणि लसणाची पूड असते, पाकिटावरची घटकांची यादी वाचा. हॉटेलात 'कांदा-लसूण नको' म्हटलं की वेटर मान डोलावतो आणि ग्रेव्ही सकाळीच वाटलेली असते. 'जैन मिळेल का?' असं विचारा, त्या शब्दाला स्वयंपाकघरात नेमका अर्थ आहे.

उपवासाच्या दिवशी साबुदाणा खिचडीवर भिस्त ठेवू नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, वर तूप आणि दाण्याचं कूट. दुपारी झोप येते ती भक्तीने नाही. वरी-दाण्याची आमटी, राजगिरा, दही, फळं जास्त बरी. आणि गंमत म्हणजे साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो, बटाटा, शेंगदाणा, मिरची हे चौघेही अमेरिका खंडातून आलेले. आपल्या पूर्वजांनी पाहिलेलेही नसताना ते उपवासाला चालायला लागले आणि कांदा बाहेरच राहिला.

मधले अडथळे

पहिला आठवडा नवलाईत जातो. अडचण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, मग गणपती-गौरीच्या पाहुणचारात, आणि शेवटी दिवाळीत. पाहुणे म्हणून जाणार असाल तर आदल्या दिवशी कळवा. यजमानांनी सगळं करून ठेवल्यावर ताटावर बसून 'मला हे चालत नाही' म्हणणं वाईट. कळवायचं राहिलं असेल तर वरण-भात-तूप-लिंबू खाऊन उठा, कुणाच्याही लक्षात येत नाही.

मन फार ओढ घेऊ लागलं तर जागा बदला. खाण्याची तल्लफ बहुतेक वेळा थोड्या वेळात ओसरते. ओट्याशी उभं राहून तिच्याशी भांडण्यापेक्षा खाली जाऊन दूध घेऊन या.

मोडला तर

नकळत मोडला तर मोडला असं धरायचं नाही. भाजीत कांदा होता हे खाल्ल्यावर कळलं, तर पुढचा घास घ्यायचा नाही, एवढंच. औषधाने व्रत मोडत नाही हे तर धर्मशास्त्रात स्पष्ट आहे: पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्यान्न (यज्ञाला चालणारं सात्त्विक अन्न), ब्राह्मणाची इच्छा, गुरूंचा शब्द आणि औषध या आठ गोष्टी व्रताला बाधत नाहीत. तेव्हा खोकल्याचं गोड औषध आणि शक्तीचं सिरप बिनघोर घ्या.

जाणूनबुजून मोडला तर दोन गोष्टी टाळा. 'आता मोडलाच आहे तर' म्हणून उरलेला दिवस वाया घालवू नका. आणि शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी निर्जळी उपवासही करू नका. नेम तिथून पुढे चालू, आणि बुडालेला दिवस शेवटी जोडायचा. रमजानात आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा न धरण्याची मुभा असते, आणि राहिलेले रोजे नंतर भरून काढायचे असतात. हा हिशेब मला फार समजूतदार वाटतो. घरात मृत्यू झाला, कुणी रुग्णालयात आहे, अशा वेळी नेम बाजूला ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

आठवड्यात तीन-चारदा मोडू लागला तर मात्र वाक्य चुकलं आहे. ते सोपं करा, उरलेले दिवस तेवढं पाळा.

सोडणं

घेताना संकल्प असतो तसं सोडताना उद्यापन. जुनी रीत अशी की जे सोडलं त्याचंच दान द्यायचं: मीठ सोडणाऱ्याने मीठ, तूप सोडणाऱ्याने तूप, मौनभोजन करणाऱ्याने घंटा. आज याचा हिशेब पैशात काढणं सोपं. रोजचे दोन कटिंग, १५ रुपयांप्रमाणे, १२० दिवसांचे ३,६०० रुपये होतात. ते नेम संपल्यावर शोधायला गेलं तर सापडत नाहीत, म्हणून रोजच्या रोज डब्यात टाका. द्यायचे कुणाला ते आपल्या श्रद्धेप्रमाणे. चार महिने ज्यांनी तुमच्यासाठी कढलं वेगळं ठेवलं त्यांना त्यातून काही आणावंसं वाटलं तर तेही उद्यापनच.

सोडायचा दिवस प्रत्येक वस्तूचा वेगळा असतो. बहुतेक नेम कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीला सुटतात. आवळा, चिंच, ऊस, बोरं तुळशीच्या लग्नानंतर. वांगं-कांदा बऱ्याच घरांत त्याही पुढे, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला सुटतो. खंडोबाला वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा आणि कांद्याची पात असा नैवेद्य दाखवून मग घरचे खातात. कार्तिकीला सुटणार की चंपाषष्ठीला, हे तुमच्या लिहिलेल्या वाक्यात हवं, कारण मध्ये जवळजवळ पंचवीस दिवसांचा फरक आहे.

एकभुक्त केलेल्यांनी पहिल्या दिवशी दोन्ही वेळा पंगतीतलं जेवू नये. रात्री मऊ खिचडी-कढी, आणि तीन-चार दिवसांत नेहमीच्या जेवणावर यावं. चहावाल्यांनी अर्ध्या कपाने सुरुवात करावी, नाहीतर पहिल्या रात्री झोप येत नाही. साखर सोडलेल्यांना पहिला पेढा असह्य गोड लागतो. ही चव आठवडाभरच टिकते, तेव्हा त्या आठवड्यातच घरातल्या चहाची साखर दोन चमच्यांवरून एकावर आणून घ्या, पुढे ते जमत नाही. आणि बाजूला ठेवलेला कांदा-लसूण मसाल्याचा डबा उघडल्यावर आधी वास घ्या. त्यात खोबरं आणि तेल असतं, चार महिन्यांत ते खवट झालं असेल तर भरताची पहिली फोडणी त्यात घालवू नका.